त्यांना म्हणावं

आसाराम बोरुडे इंग्रजीच्या परीक्षेत गचकला आणि म्हणून त्याला जामखेडला टाकला, असं नगरात अजून सांगितलं जातं. सांगणाऱ्यांना म्हणावं, हे साफ खोटं आहे. मी पास झालो. नुसता पास नाही, सगळ्यांच्या वर आलो. आणि पास झालो म्हणूनच जामखेडला आलो. हे ऐकून इथला तलाठीसुद्धा हसतो, त्याला माझा इलाज नाही. आधी सगळं ऐकून घ्या, मग हसायचं ते हसा.

लढाई संपली होती, पण रॉकेल अजून लढाईवरून परत आलं नव्हतं. आमच्या कचेरीत एक परिपत्रक फिरलं. नव्या विलायती साहेबांना मराठी येत नाही, तेव्हा लोकांची गाऱ्हाणी त्यांच्या कानावर इंग्रजीत घालू शकतील असे कारकून हवेत. त्यासाठी खात्याची परीक्षा होईल, लेखी आणि तोंडी. नापास होणाऱ्यांसाठी जामखेडला एक जागा रिकामी आहे. हे शेवटचं वाक्य परिपत्रकात कुणी घुसडलं ते मला पक्कं ठाऊक आहे. हेडक्लार्कांनी. साहेबांच्या खोलीत आजवर ते एकटेच जात आणि दुसरं कुणी आत गेलेलं त्यांना खपत नसे.

घरी सांगितल्यावर मनकर्णा, म्हणजे आमचं कुटुंब, पीठ मळता मळता थांबली. जामखेडला पाणी इतकं कमी की आंघोळीला वार लावून घेतलेले असतात, असं तिनं कुणाकडून तरी ऐकलं होतं. मी तिला म्हटलं की घाबरू नकोस, लेखी मी चुटकीसरशी काढीन, अडचण फक्त तोंडी परीक्षेची आहे. एकानं बोललेलं दुसऱ्याला सांगायचं, डायरेक्टचं इनडायरेक्ट करायचं, हा धडा शाळेत असल्यापासून माझ्या छातीवर बसलेला आहे. यावर ती म्हणाली की लग्न झाल्यापासून ती सासूबाईंचं मामंजींना आणि मामंजींचं सासूबाईंना सांगत आली आहे, त्यासाठी तिला कधी पुस्तक लागलं नाही. बायकांना शास्त्राची कदर नसते.

परीक्षेचा अर्ज देणं हीच एक परीक्षा होती. मी कागदाच्या एका बाजूला अर्ज लिहिला, तर हेडक्लार्कांनी तो परत पाठवला, कारण लढाईमुळे कागद दोन्ही बाजूंनी वापरायचा हुकूम होता. दोन्ही बाजूंनी लिहिला, तर नियमाप्रमाणे अर्ज एकाच बाजूला हवा म्हणून परत आला. शेवटी मी एका बाजूला लिहिला आणि दुसऱ्या बाजूला 'ही बाजू हुकमाप्रमाणे वापरली आहे' एवढंच लिहून सही ठोकली. तो मंजूर झाला. सरकारशी वाकडं कसं बोलावं हे मला तेव्हापासून थोडं थोडं कळू लागलं असावं.

बातमी गल्लीत फुटली आणि सल्ले सुरू झाले. कुणी ब्राह्मीचं तेल डोक्याला थापायला सांगितलं. कुणी घरात इंग्रजीशिवाय बोलू नका म्हणालं. तो प्रयोग मी एक सकाळ केला आणि चहाला मुकलो. कोपऱ्यावरच्या पानवाल्याच्या मते या वयात परीक्षा देणं म्हणजे पन्नाशीत बाशिंग बांधणं. मी पन्नाशीचा नव्हतो, चाळिशीही जेमतेम ओलांडली होती, पण पानवाल्याशी वयावरून वाद घालण्यात शोभा नव्हती.

सगळ्यांच्या सल्ल्यात एक नाव मात्र सारखं येई, भापकर मास्तर. कानिफनाथ भापकर हे पेन्शनीत निघालेले हेडमास्तर. त्यांचं घर आमच्यापासून एक घर सोडून, आणि मधल्या घरात दाऊदचाचा शिंपी. मास्तर रोज चाचांच्या ओट्यावर येऊन बसत. त्यांच्या हाताखालून गेलेला पोरगा डायरेक्ट-इनडायरेक्टच्या प्रश्नात कधी पडला नाही, अशी त्यांची ख्याती. ही ख्याती ते स्वतःच सांगत, पण कुणी खोडून काढलेली नव्हती. मी गेलो. मास्तर लगेच कबूल झाले आणि तिथल्या तिथे ओट्यावर पहिला धडा सुरू केला.

त्यांनी वाक्य घातलं, राम सेड, आय ॲम इल. राम म्हणाला, मी आजारी आहे. याचं इनडायरेक्ट कर म्हणाले. मी दमदार आवाजात सांगितलं, राम सेड दॅट आय वॉज इल. मास्तर शांतपणे म्हणाले, मग आजारी कोण? मी म्हटलं, मी. ओट्यावर त्या वेळी चार माणसं मापं द्यायला आलेली होती. मास्तर चाचांकडे वळून म्हणाले, "दाऊद, याच्या डोक्यात नुसतं अस्तर आहे. कापड घालायचं राहून गेलं."

माणसं हसली. चाचांच्या तोंडात टाचण्या होत्या म्हणून ते हसले नाहीत एवढंच. माणसानं गरिबी सोसावी, बदली सोसावी, पण शिंप्याच्या ओट्यावर अस्तर म्हणवून घेऊ नये. मी उठलो आणि म्हटलं की आजपासून तुमचा माझा अबोला. मास्तर म्हणाले की त्यांचा तर मघाशीच सुरू झाला आहे.

घरी आलो तेव्हा छाती फुगलेली होती. संध्याकाळपर्यंत मात्र जामखेड दिसू लागलं. तिकडे मास्तरांची गतही काही वेगळी नव्हती. त्यांनी हात लावलेला माणूस त्याच प्रश्नात पडला तर ख्याती मातीला मिळणार. दोघांनाही धडा हवा होता आणि बोलायचं दोघांनाही नव्हतं. मी आधी बोलणं शक्य नव्हतं. आजही नाही.

इथे आमच्या गल्लीतला अबोला म्हणजे काय ते सांगितलं पाहिजे. रुसून कोपऱ्यात बसण्याला आम्ही अबोला म्हणत नाही. त्याला रीत आहे. अबोला असलेली दोन माणसं एका ओट्यावर बसू शकतात, फक्त तोंडं रस्त्याकडे हवीत. बोलायचं ते मधल्या माणसाशी बोलायचं, 'त्यांना म्हणावं' अशी सुरुवात करून. मग मधला माणूस तेच पलीकडच्याला सांगतो. दोघं हातभर अंतरावर असले तरी. कानावर जे थेट पडतं ते ऐकलेलं धरत नाहीत, मधल्यानं सांगितलेलं तेवढंच खरं. आणि मधल्या माणसाचा धर्म असा की त्यानं कडू शब्द जसाच्या तसा कधी पोचवायचा नाही. घरं टिकतात ती अशानं.

दाऊदचाचांनी या धर्मात हयात घालवली होती. अर्ध्या गल्लीची लग्नं आणि बाकीच्या गल्लीची भांडणं त्यांच्या मशीनवरून गेलेली. साखर तेव्हा रेशनवर होती, पण चाचांच्या जिभेवर रेशन नव्हतं. तेव्हा धडे पुन्हा सुरू झाले. मास्तर डाव्या अंगाला, मी उजव्या, मध्ये चाचा मशीन चालवत.

मास्तर म्हणत, त्या गाढवाला म्हणावं, कालचं शिकवलेलं आज विसरला. चाचा मशीन थांबवून माझ्याकडे वळत आणि सांगत, "मास्तरसाब म्हनतात की कालचं तुमाला लई चांगलं आलं. जरा आजचं तेवढं राह्यलं." मी म्हणे, त्यांना म्हणावं, शिकवणाऱ्याला धड शिकवता आलं तर शिकणारा शिकेल ना. चाचा पलीकडे वळून सांगत की बोरुडेसाब म्हणतात, असा मास्तर नशिबानं मिळतो. मास्तर यावर समाधानानं हुंकार देत. मघाचं माझं वाक्य त्यांनीही ऐकलेलं असे, पण रीत म्हणजे रीत.

गंमत अशी की इंग्रजीसुद्धा याच वाटेनं येऊ लागलं. मी वाक्य फिरवून सांगायचं, चाचांनी ते मास्तरांना पोचवायचं आणि मास्तरांचा निकाल मला कळवायचा. मास्तर कपाळावर हात मारून घेत आणि सगळं चूक, सगळं चूक म्हणत. माझ्यापर्यंत येईतो त्याचं 'बरोबरच्या अगदी जवळ आलात' असं होई. कपाळावर हात मारल्याचा आवाज मला ऐकू येत असे. पण मी चाचांचं खरं धरलं. कुणी का धरू नये? रोज संध्याकाळी कुणी तुम्हाला हुशार म्हणू लागलं तर तुम्ही काय वाद घालाल? मी घरी येऊन मनकर्णाला सांगे की आता जामखेडचं नाव काढू नकोस. आंघोळीच्या वारांची तिची भीती जरा कमी झाली आणि तिनं ब्राह्मीचं तेल भाजीला वापरायचं का असंही एकदा विचारलं.

परीक्षा अगदी तोंडावर आली आणि चाचा केडगावला गेले. त्यांच्या भाचीचं, शमशादचं लग्न होतं. त्यांच्या बीबी मुबारकबीही गेल्या, दुकानाला कुलूप लागलं. मागं राहिली ती मुबारकबींची शेळी, ओट्याच्या खांबाला बांधलेली. तिला पाला घालायचं काम मनकर्णाकडे होतं, ते तिनं माझ्यावर ढकललं. रविवारी दुपारी मी पाला घेऊन ओट्यावर गेलो, तर मास्तर आपल्या जागेवर बसलेले. तोंड रस्त्याकडे.

मीही बसलो. मध्ये शेळी. शेळी पाला खात होती. मग मास्तर शेळीकडे बघून म्हणाले, "त्याला म्हणावं, परीक्षा उंबऱ्यावर आली आणि याला अजून शष्प येत नाही."

मी शेळीकडे बघितलं. शेळीनं माझ्याकडे बघितलं आणि रवंथ करत राहिली. गोड करून सांगायला मध्ये कुणीच नव्हतं. जे होतं ते जसंच्या तसं माझ्यावर येऊन आदळलं. लेकी बोले सुने लागे हे मी जन्मभर ऐकत आलो, पण शेळी बोले बोरुड्याला लागे हा प्रकार नवा होता. मी शेळीला विचारलं की मग इतके दिवस बरोबरच्या जवळ, बरोबरच्या जवळ म्हणत होते ते काय? मास्तरांनी शेळीला सांगितलं की ते असलं काही जन्मात म्हणाले नाहीत, ते दाऊद म्हणत होता.

त्या दुपारी मी शेळीच्या साक्षीनं जेवढ्या शिव्या खाल्ल्या तेवढ्या शाळेतही खाल्ल्या नव्हत्या. पण वाक्यं सुधारत गेली. चूक झाली की चूकच म्हणून कळत होती. दिवेलागणीला मास्तर उठले, धोतर झटकलं, आणि शेळीच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "त्याला म्हणावं, एवढंच ध्यानात ठेव. 'मी'चा 'तो' होतो, 'आज'चा 'त्या दिवशी' होतो, 'इथं'चा 'तिथं' होतो. काळ मागं सरकतो. पण मतलब जागचा हलता कामा नये. मतलब हलला की तू सांगणारा नाहीस, लबाड आहेस."

लेखी परीक्षा ठीक गेली. तोंडीला आम्हाला साहेबांच्या खोलीबाहेर बाकावर बसवलं. आत खरोखरीचे अर्जदार उभे करायचे, ते मराठीत बोलणार, उमेदवारानं त्यांचं म्हणणं साहेबांना इंग्रजीत सांगायचं. हेडक्लार्क आमच्यासमोरून येरझाऱ्या घालत सांगत होते की साहेब परके आहेत, त्यांच्या जिवाला लागेल असं काही बोलू नका, गोड बोला, बाकी जामखेड आहेच. माझ्या आधी गेलेल्या उमेदवारापुढे एक शेतकरी विहिरीवरून आकांत करत होता. उमेदवाराच्या इंग्रजीत त्याचं झालं ते एवढंच की हा मनुष्य सरकारचा फार आभारी आहे. हेडक्लार्क समाधानानं मान डोलवत होते. मला एकदम कळलं की गेली कित्येक वर्षं या खोलीतही एक दाऊदचाचा बसलेला आहे. फरक इतकाच की आमचे चाचा दोन घरं टिकवण्यासाठी गोड करत, आणि हे स्वतःची खुर्ची टिकवण्यासाठी.

माझं नाव पुकारलं. हेडक्लार्कही माझ्या मागोमाग आत शिरले. आत काष्टीच्या बनुबाई उभ्या होत्या. नाकात नथ, डोक्यावरून पदर घट्ट, आणि रागानं लाल झालेल्या. त्यांनी साहेबांकडे बघितलंही नाही, माझ्याकडे बोट करून सुरुवात केली.

"ह्या सायबाला म्हनावं, काष्टीच्या दुकानात राकेल येतंय. पन आमी गेलो की न्हाई म्हनत्यात. मागल्या दारानं पिपं जात्यात ती आमी बघतो. माझ्या सुनंचा हात अंधारात तव्यावर भाजला. ह्याच्या बंगल्यात रातभर दिवा हाय. येक रोज काष्टीला ये म्हनावं, अन् अंधारात भाकरी थापून दाव."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. माझ्या जिभेवर साखर आलीच होती, खोटं कशाला सांगू. बाई साहेबांना काष्टीला भाकरी खायला बोलावतात, असं वाक्य तोंडात तयार झालं होतं. हेडक्लार्क मागून पुटपुटले, शी इज ब्लेसिंग यू, सर. त्या पुटपुटण्यानं माझं डोकं फिरलं. परीक्षा माझी, तोंड माझं, आणि आशीर्वाद हा देणार? शेळीच्या पाठीवरचा हात मला आठवला.

मी म्हटलं, शी सेड दॅट द ऑइल केम टू काष्टी, बट इट वेंट आऊट बाय द बॅक डोअर. भाजलेला हात सांगितला. बंगल्यातला दिवा सांगितला. 'ह्याच्या'चा 'हिज' केला, काळ मागं सरकवला. शेवटी म्हटलं, शी सेड दॅट द साहिब शुड कम टू काष्टी अँड मेक अ भाकरी इन द डार्क.

साहेबांनी विचारलं की हे बाईचं म्हणणं की माझं. मी म्हटलं, तिचं, सर. त्यांनी हेडक्लार्कांना विचारलं, ते म्हणाले की बाई आशीर्वाद देत आहेत, या उमेदवाराचं इंग्रजी कच्चं आहे. मग साहेब स्वतःच बनुबाईंकडे वळले आणि त्यांना येत असलेला बहुतेक एकुलता एक मराठी शब्द उच्चारला, "भाकरी?"

बनुबाईंनी डोळे घट्ट मिटून घेतले आणि हवेत भाकरी थापून दाखवली. थापता थापता एक हात चटकन मागं घेतला आणि फुंकर मारली. मग डोळे उघडून साहेबांकडे बघितलं. आता मध्ये कुणाची गरज नव्हती. साहेब बराच वेळ त्या हाताकडे बघत राहिले आणि त्यांनी माझ्या नावापुढे काहीतरी लिहिलं.

मी पहिला आलो. काष्टीच्या पुढल्या बाजारी रॉकेलची पिपं पुढल्या दारानं बाहेर आली आणि रांगेत वाटली गेली. हे कुणाला खोटं वाटत असेल त्यानं काष्टीला जाऊन विचारावं. गल्लीत पेढे वाटायचा बेत चालला होता. तेवढ्यात साहेब रजेवर विलायतेला गेले आणि त्यांची बोट मुंबईहून सुटते न सुटते तोच हुकूम आला. जामखेडच्या कचेरीस उत्तम इंग्रजी जाणणाऱ्या माणसाची नितांत आवश्यकता असल्याने परीक्षेत पहिले आलेले आसाराम बोरुडे यांस तिकडे नेमण्यात येत आहे. खाली हेडक्लार्कांची सही. जामखेडच्या कचेरीत आजतागायत एकही माणूस इंग्रजीत बोललेला नाही, हे जाता जाता सांगून ठेवतो.

लगेच सल्ले सुरू झाले. जा, हेडक्लार्कांचे पाय धर, ऐकण्यात चूक झाली म्हण, बाई आशीर्वादच देत होती म्हण. पानवाल्यानं तर माफीचं वाक्यही जुळवून दिलं. मी सगळ्यांना सांगितलं की जामखेडला पाण्याऐवजी वाळूनं आंघोळ करावी लागली तरी चालेल, पण बनुबाईंच्या तोंडात मी आशीर्वाद घालणार नाही. मला वाटलं आता मनकर्णा रडणार. ती फडताळातली भांडी काढू लागली. मी विचारलं की आंघोळीच्या वारांचं काय? ती पाठमोरी म्हणाली की वार तिचे ती तिथं ठरवील, आणि बाईचं बोलणं बदललं असतं तर नगरातही घरात पाणी मिळालं नसतं.

माळीवाड्याच्या वेशीपाशी जामखेडची मोटार उभी होती, कोळशावर चालणारी, धूर ओकणारी. सामान टपावर चढलं. बघतो तर मास्तर आलेले. शेजारी चाचा. मास्तर माझ्याकडे न बघता मोटारीच्या चाकाकडे बघत उभे राहिले आणि मला वाटलं होतं तसंच सुरू केलं.

"दाऊद, त्याला म्हणावं, तू गाढव आहेस."

चाचांनी घसा खाकरला. मी साखरेची वाट बघत होतो. या माणसानं आयुष्यात एक कडू शब्द जसाच्या तसा पोचवला नव्हता. ते माझ्याकडे वळले. मला दिसलं की मास्तरांची हनुवटी थरथरत होती आणि चाचांनाही ते दिसलं होतं.

"मास्तरसाब म्हनतात," चाचा म्हणाले, "की तुमी गाढव हाय."

एवढंच. मला एवढं कुणी कधी गोड बोललेलं आठवत नाही. मी म्हटलं, त्यांना म्हणावं, आणि पुढे शब्दच फुटेना. ड्रायव्हरनं मोटार सुरू केली. मी खिडकीला धरून तसाच बसलो, आणि मी काही बोललेलो नसताना चाचा मास्तरांकडे वळून बोरुडेसाब म्हनतात की, असं म्हणून सांगू लागले. बरंच सांगत होते. मोटारीच्या आवाजात मला एक अक्षर ऐकू आलं नाही. मास्तर मान खाली घालून सगळं ऐकत होते, मध्ये एकदा त्यांनी धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले. मग मोटार सुटली.

चाचांनी काय सांगितलं ते मी कधी विचारलं नाही. जे सांगितलं ते मीच म्हटलं होतं, आणि त्याचा मतलब जागचा हललेला नाही, याची मला खात्री आहे. अबोला मात्र आहे तो आहे. आधी मी बोलणार नाही, त्यांना म्हणावं.